एक वही, अनेक हात

वाचन ही वाटून घेता येण्याजोगी क्रिया आहे. लेखन तसे नाही. एकच ग्रंथ शंभर जणांनी वाचला म्हणून त्याचे काही उणे होत नाही. परंतु त्याच ग्रंथाच्या एकाच ओळीवर दोघांनी एकाच क्षणी लेखणी टेकविली, तर एकाचे लिहिणे दुसऱ्याच्या लिहिण्याखाली गाडले जाते, किंवा दोन्ही मिळून तिसरेच काही उमटते, जे दोघांपैकी कोणालाही अभिप्रेत नव्हते. व्यासांनी सांगावे आणि गणेशाने लिहावे, या सुपरिचित कथेतसुद्धा लेखनास आरंभ होण्यापूर्वी अटी ठरतात. सांगणाऱ्याने थांबू नये आणि लिहिणाऱ्याने अर्थ उमगल्यावाचून अक्षर उमटवू नये. पक्ष दोनच, लेखणीही एकाच्याच हाती. तरीही करारावाचून ग्रंथाचा प्रारंभ होत नाही. ही कथा रचणाऱ्याला लेखनव्यवहाराची चांगली जाण असली पाहिजे.

हाच प्रश्न आजच्या कचेरीत अगदी गद्य रूपाने उभा राहतो. चार-पाच संगणक तारेने एकमेकांस जोडलेले आहेत, त्यांपैकी एकावर हिशेबाची किंवा मालसाठ्याची डेटाबेस फाइल ठेवलेली आहे, आणि सर्वांनी आपापल्या जागी बसून त्या एकाच फाइलमध्ये लिहावयाचे आहे. वरवर पाहता ही तारा जोडणाऱ्या कारागिराची बाब वाटते. तार जोडली, फाइल सर्वांस खुली केली, की काम झाले! वस्तुतः तेथून पुढेच खऱ्या अडचणीस सुरुवात होते. सामाईक वस्तू कोणी, केव्हा आणि किती वेळ हातात धरावी, हा प्रश्न तारेने सुटत नाही. तो वहिवाटीने सुटतो, आणि वहिवाट ही यंत्राआधीची गोष्ट आहे.

लखनौच्या अमीनाबाद भागात या प्रश्नाचे स्वरूप विशेष स्पष्ट दिसते. अमीनाबाद हा त्या शहरातील जुना बाजार. अवधचे नवाब अमजद अली शाह यांच्या कारकिर्दीत, म्हणजे १८४२ ते १८४७ या काळात, त्यांचे वजीर इमदाद हुसेन खान अमीनुद्दौला यांच्याकडून त्याची उभारणी झाली आणि त्यांचेच नाव त्यास लाभले. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नाने १९२६ मध्ये स्थापन झालेल्या संगीत महाविद्यालयामुळे मराठी रसिकास ज्या कैसरबागेचे नाव ठाऊक आहे, ती येथून जवळच. चिकनच्या कापडाची दुकाने, गडबडझाल्यातील बांगड्या, कबाबांचा धूर आणि पुस्तकांची दुकाने यांच्या सोबतीने अमीनाबादेत औषधांचाही मोठा घाऊक बाजार आहे. खोक्यांच्या थप्प्यांमध्ये बसलेल्या तेथील पेढ्या किरकोळ औषधविक्रेत्यांना माल पुरवितात. घाऊक विक्रेत्याने प्रत्येक विक्रीची नोंद बॅच क्रमांकासह ठेवावी आणि बिलांच्या प्रती निदान तीन वर्षे जपाव्यात, असा औषधविषयक नियमांचा दंडक आहे. म्हणजे येथे जे लिहिले जाते, ते केवळ नफातोट्याचे गणित नसते. कोणते औषध कोणाकडे गेले, याचा तो एकमेव माग असतो.

अशी एखादी पेढी डोळ्यांसमोर आणावी. पूर्वी गादीवर मुनीमजी बसत. समोर उतरते मेज, त्यावर लाल कापडाची बांधणी असलेली बही, आणि लेखणी एकच. बही एका वेळी एकाच मेजावर असू शके. म्हणून तिला निराळ्या कुलपाची गरज नव्हती. जे उघडून मुनीमजी बसले आहेत, ते पान दुसरा लिहू शकत नसे. कोणास काही नोंदवावयाचे झाले तर तो तोंडाने सांगे, मुनीमजी ऐकून घेत, प्रसंगी प्रश्न करीत, आणि मगच लिहीत. मराठी दफ्तराची शिस्तही याच जातीची होती. दिवसाचा व्यवहार आधी कीर्दीत पडे, तेथून खतावणीत खातेवार उतरे, आणि त्याचा गोषवारा तेरजेत येई. पत्राच्या अखेरीस मर्यादेची मुद्रा उठविण्याची प्रथा होती. लेखन येथे संपले, यापुढे कोणी अक्षर वाढवू नये, हे त्या मुद्रेचे सांगणे. एका हाताने लिहावे, लिहिणे कोठे संपले ते दिसावे, आणि ज्याने लिहिले त्याचे वळण ओळखू यावे, या तीन गोष्टी कागद आपोआप सांभाळीत असे. कागद गेला आणि फाइल आली, तेव्हा या तिन्ही गोष्टी एकदम निराधार झाल्या. त्या गेल्या आहेत, हे मात्र लगेच कोणाच्या ध्यानी आले नाही.

एक उदाहरण घेऊ. शीतकपाटात इन्शुलिनच्या ४० कुप्या आहेत आणि फाइलमध्येही ४० हाच आकडा आहे. एका मेजावरील लेखनिक दूरध्वनीवरून २५ कुप्यांची मागणी घेतो. त्याच्या पडद्यावर ४० दिसतात, तो होकार देतो. त्याच मिनिटास दुसऱ्या मेजावर ३० कुप्यांची मागणी येते. तेथेही ४० दिसतात, तेथूनही होकार जातो. पहिला ४० मधून २५ वजा करून १५ हा आकडा फाइलमध्ये लिहितो. दुसऱ्याच्या पडद्यावर अद्याप जुनेच ४० आहेत. तो त्यातून ३० वजा करतो आणि १५ च्या जागी १० लिहितो. आता फाइल म्हणते १० कुप्या शिल्लक. विकल्या गेल्या ५५. आणि कपाटात होत्या मुळात ४०. घंटा वाजली नाही, तांबडा दिवा लागला नाही, वजाबाकी कोणाची चुकली नाही. दोघांनीही आपापले काम बरोबर केले, आणि दोघांच्या बरोबर कामातून खोटी नोंद निर्माण झाली. संगणकशास्त्रात यास ‘हरवलेली दुरुस्ती’ अशा अर्थाचे नाव आहे. पेढीवर त्याचा अर्थ एवढाच, की संध्याकाळी एका गावचा दुकानदार रिकाम्या हाताने परत जातो आणि त्याच्याकडे आलेल्या मधुमेही रोग्यास ‘उद्या या’ असे सांगितले जाते. बिलांच्या क्रमांकाचीही तीच गत. १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराच्या नियमांनुसार बिलाचा अनुक्रमांक आर्थिक वर्षात एकमेव असला पाहिजे. परंतु ‘शेवटचा क्रमांक पाहा आणि त्यात एक मिळवा’ हे काम दोन मेजांवर एकाच क्षणी झाले, तर एकाच क्रमांकाची दोन बिले जन्मास येतात.

संगणकांच्या जगात या अडचणीची जाणीव फार जुनी आहे. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९६५ मध्येच, अनेक प्रक्रियांपैकी एका वेळी एकीनेच सामाईक जागेत शिरावे याची तर्कशुद्ध रीत मांडली होती. परंतु छोट्या कचेरीच्या मेजावर हा प्रश्न आला तो १९८० नंतरच्या दशकात. १९८४ मध्ये आलेल्या डॉसच्या तिसऱ्या आवृत्तीबरोबर ‘शेअर’ नावाचा एक लहानसा प्रोग्रॅम आला. एकच फाइल अनेकांनी उघडली असता कोणास काय करता येईल, याचा निवाडा तो करी. पुढे डीबेस आणि फॉक्सप्रो या प्रणालींनी भारतातील असंख्य पेढ्यांचे हिशेब सांभाळले. त्यांच्या आज्ञावलीत दोन प्रकारची कुलपे होती. एकाने सबंध फाइल बंद होई, दुसऱ्याने तिच्यातील एकच नोंद. ज्या कचेऱ्यांत ही प्रणाली चालली, तेथे “सब लोग बाहर निकलिए, रीइंडेक्स करना है” अशा अर्थाची हाक नित्याची असे. फाइलची अनुक्रमणिका नव्याने बांधावयाची तर ती फाइल एकट्याच्याच ताब्यात असावी लागे. हाक ऐकून सर्वजण आपापला पडदा बंद करीत आणि काम संपेपर्यंत चहा घेत. तारेने जोडलेल्या यंत्रांमध्ये अखेरचा निरोप माणसाच्या आवाजाने पोहोचत असे.

कुलूप केवढे असावे, हा प्रश्न वाटतो तेवढा क्षुल्लक नाही. अमीनाबादेत गुरुवारी पक्की दुकाने बंद असतात, आणि त्या दिवशी त्यांच्याच पुढ्यातील रस्त्यावर फिरत्या विक्रेत्यांचा बाजार भरत आला आहे. एकच जागा, दोघांची उपजीविका. वाटणी वाराने केलेली. हे सबंध फाइलला लावलेले कुलूप होय. ते समजण्यास सोपे आणि मोडण्यास कठीण; परंतु एकाचा वार असताना दुसऱ्यास पूर्ण थांबावे लागते. औषधांच्या पेढीस असे थांबणे परवडत नाही. म्हणून नोंदीपुरते कुलूप पुढे आले. इन्शुलिनची नोंद एकाकडे असताना खोकल्याच्या औषधाची नोंद दुसऱ्याने खुशाल लिहावी. पण कुलूप जितके लहान, तितकी त्याची निगराणी मोठी. नोंद उघडून लेखनिक जेवावयास गेला, तर त्याच्या परत येण्यापर्यंत ती नोंद सर्वांसाठी गोठून राहते. दूरच्या मेजावरील माणसास केवळ एवढेच दिसते, की नोंद दुसऱ्या कोणाच्या तरी हाती आहे. कोणाच्या, हे पुष्कळदा दिसत नाही. सामाईक वस्तू हाती घ्यावी ती काम ठरल्यावर, आणि काम होताच खाली ठेवावी, हा पाणवठ्यावरचा साधा संकेत आहे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना तो अनुभवाने पुन्हा शिकावा लागला.

याहून निराळी अशी एक रीत आहे, आणि तिच्यामागे मनुष्यस्वभावाविषयीची निराळी कल्पना आहे. तिच्यात कुलूप आधी लावीतच नाहीत. प्रत्येकाने मोकळेपणाने लिहावे. लिहिलेले फाइलमध्ये ठेवण्याच्या क्षणी तेवढे तपासावे, की दरम्यान दुसऱ्या कोणी त्या नोंदीस हात लावला काय. लावला नसेल तर ठीक. लावला असेल तर लिहिणाऱ्यास विचारावे. पहिल्या रीतीस शास्त्रात निराशावादी म्हणतात आणि दुसरीस आशावादी. नोव्हेंबर १९९२ मध्ये बाजारात आलेली मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस ही प्रणाली अशा प्रसंगी लिहिणाऱ्यापुढे पर्याय ठेवते. आपले लिहिणे राखावे, की दुसऱ्याचे राहू देऊन आपले टाकून द्यावे? आशावादाचा डोलारा या एका उत्तरावर उभा आहे. समोर गिऱ्हाईक उभे आहे, दूरध्वनी वाजतो आहे, अशा घाईत लेखनिक विचार न करता आपलेच राखण्याची कळ दाबतो. दुसऱ्याने काय लिहिले होते, हे पाहण्याची संधी यंत्राने दिलेली असते. ती घेण्याची सवड माणसापाशी नसते. यंत्र प्रश्न विचारू शकते, पण उत्तर देणाऱ्याने प्रश्न वाचला आहे याची हमी ते देऊ शकत नाही.

लखनौचे नाव निघाले की ‘पहले आप’ची गोष्ट निघतेच. दोन सभ्य गृहस्थ एकमेकांस आधी चढण्याचा आग्रह करीत राहतात आणि गाडी निघून जाते. थट्टेने सांगितल्या जाणाऱ्या या गोष्टीत संगणकशास्त्रातील एक खरीखुरी आपत्ती दडलेली आहे. दोन प्रक्रिया एकमेकींस वाट देण्यासाठी एकाच वेळी मागे सरतात, एकाच वेळी पुन्हा पुढे येतात, आणि हालचाल चालू असूनही काम जागचे हलत नाही. याच्या नेमकी उलट अशी दुसरी आपत्ती आहे, आणि ती अधिक घातक होय. एका लेखनिकाने मालाची नोंद धरून ठेवली आहे व त्यास दुकानदाराचे खाते हवे आहे. दुसऱ्याने, परत आलेला माल जमा करण्यासाठी, तेच खाते धरले आहे व त्यास मालाची नोंद हवी आहे. हातचे सोडावयास कोणी तयार नाही, आणि हातचे सुटल्यावाचून कोणाचेच काम होणार नाही. डायक्स्ट्रा यांनी या अवस्थेस मरणमिठी अशा अर्थाचा शब्द योजिला. तीवर उपाय दोन. एक, सर्वांनी वस्तू एकाच ठरलेल्या क्रमाने हाती घ्याव्यात. आधी माल, मग खाते, हा क्रम कोणी मोडू नये. दुसरा, अडल्यावर दोघांपैकी एकास माघार घ्यावयास लावून त्याचे काम पहिल्यापासून करावयास सांगावे. पहिल्या उपायास शिष्टाचार म्हणता येईल, दुसऱ्यास न्यायनिवाडा. ज्या समाजात शिष्टाचाराचा क्रम सर्वमान्य असतो, तेथे निवाड्याची गरज कमी पडते. लखनवी अदब पुष्कळदा हास्यास्पद ठरविली गेली आहे. परंतु गर्दीच्या जागी क्रम ठरविण्याचे साधन या दृष्टीने तिच्याकडे पाहिले, तर तिची थोरवी लक्षात येते.

तिसरी अडचण अर्धवट लिहिण्याची. बिल तयार करणे हे एक काम दिसले, तरी फाइलमध्ये त्याच्या तीन-चार नोंदी होतात. माल कमी होतो, खात्यावर रक्कम चढते, कर लागतो, क्रमांक पुढे सरकतो. यांतील दोन नोंदी झाल्या आणि वीज गेली, किंवा जाता-येता कोणाच्या पायाने तार निघाली, तर माल गेलेला दिसतो आणि रक्कम कोठेच दिसत नाही. क्वचित फाइलची घडणच मोडते आणि ती उघडेनाशी होते. म्हणून व्यवहार अखंड मानावा, तो पूर्ण व्हावा किंवा मुळीच न झाल्यासारखा व्हावा, हे तत्त्व पुढे आले. जिम ग्रे यांनी १९८१ मधील आपल्या निबंधात या कल्पनेचे मूळ करारविषयक कायद्यात दाखविले आणि विवाहविधीचा दाखला दिला. भारतीय वाचकास त्याहून नेमका दाखला घरचाच आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याप्रमाणे, जेथे सप्तपदी हा विधीचा भाग असतो, तेथे सातवे पाऊल टाकल्यावर विवाह पूर्ण आणि बंधनकारक होतो. साडेसहा पावलांचा विवाह नसतो.

महाराष्ट्रातील महसुली दफ्तराने हे तत्त्व यंत्राच्या आधीपासून पाळले आहे. जमिनीच्या हक्कात बदल झाला, तर तलाठी तो थेट सातबाऱ्यावर लिहीत नाही. बदल प्रथम गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफारांच्या नोंदवहीत, चढतो. हितसंबंधितांना नोटीस जाते. हरकतीसाठी मुदत राहते. मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि त्यानंतरच ती सातबाऱ्यावर पक्की होते. हस्तलिखित सातबाऱ्याच्या काळात प्रलंबित फेरफाराचा क्रमांक पेन्सिलीने टिपून ठेवीत आणि प्रमाणित झाल्यावर शाईने लिहीत. पाहणाऱ्यास एका दृष्टिक्षेपात कळे, की येथे काही चालू आहे, ते अद्याप पक्के नाही. आजचे चांगले डेटाबेस नेमके हेच करतात. आधी बदलांच्या वहीत लिहितात, मग मूळ जागी; मध्येच वीज गेली तर वही वाचून अर्धवट राहिलेले पुरे करतात किंवा पुसून टाकतात. साध्या सामाईक फाइलमध्ये मात्र पेन्सिल आणि शाई यांतला हा भेद पुष्कळदा राखलेला नसतो. तेथे प्रत्येक संगणक थेट शाईनेच लिहितो.

येथे या विषयातील मर्माची गोष्ट येते. फाइल सर्वांस खुली ठेवण्याच्या व्यवस्थेत प्रत्येक यंत्र आपल्या हाताने दूरच्या फाइलमध्ये लिहिते. लिहिणारे हात पाच, आणि त्यांपैकी एक जरी मध्येच थरथरला तरी सबंध वही बिघडते. ॲक्सेसच्या एका फाइलमध्ये एकाच वेळी २५५ जणांना शिरता येते असे तिचे निर्माते सांगतात. पण दार रुंद आहे म्हणजे आतील जागा पुरेशी आहे, असे होत नाही. जेथे काम वाढले, तेथे जाणत्यांनी दुसरी व्यवस्था स्वीकारली. तीत फाइलला हात लावण्याचा अधिकार एकाच प्रोग्रॅमला असतो. त्यास सर्व्हर म्हणतात. इतर सारे त्यास सांगतात. तो ऐकतो, तपासतो, क्रम लावतो, आणि स्वतः लिहितो. म्हणजे सबंध फेरा मारून यंत्र पुन्हा मुनीमजींपाशी येऊन पोहोचले! पाच लेखण्यांची मुभा देऊन पाहिल्यावर पुन्हा एका लेखणीची निवड झाली. फरक एवढाच, की मुनीमजींची बही त्यांच्याच कह्यात असे आणि ती पाहण्यास त्यांची मर्जी लागे. नव्या व्यवस्थेत लिहिणारा एक असला तरी पाहणारे सर्व आहेत. एकहाती लेखन आणि सार्वत्रिक वाचन यांचा असा मेळ जुन्या गादीस साधला नव्हता.

मग प्रत्येकाने आपली स्वतंत्र प्रत घ्यावी आणि संध्याकाळी सर्व प्रती एकत्र कराव्यात, हा मार्ग काय वाईट, असे कोणी विचारील. थांबणे नको, कुलूप नको. या मार्गाचा सर्वांत मोठा प्रयोग भारतीय वाङ्मयात झालेला आहे. महाभारताच्या पोथ्या प्रांतोप्रांती उतरविल्या गेल्या. शारदा, देवनागरी, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मलयाळम अशा लिप्यांत लेखकांनी आपापल्या प्रतीत भर घातली, गाळले, सुधारले. मध्यवर्ती वही नव्हती, म्हणून कोणास कोणासाठी थांबावे लागले नाही. त्या प्रती पुन्हा एकत्र आणण्याचे काम पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतले. १९२५ पासून विष्णु सीताराम सुकथनकर यांनी त्यास शास्त्रीय बैठक दिली. १९४३ मध्ये त्यांच्या निधनानंतर श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि पुढे परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी ते चालविले. १९६६ मध्ये ते पुरे झाले. १,२५९ पोथ्यांचा उपयोग झाला. चौकटी आखलेल्या कागदावर एकेका श्लोकाची अक्षरे मांडून त्याखाली पोथीपोथीतील भेद टिपले गेले. वेगळ्या झालेल्या प्रतींची रुजुवात किती महाग असते, याचे हे माप आहे. आणि एवढे करूनही, आरंभी जिचा उल्लेख केला ती गणेशाची कथा मूळ संहितेतून निघून परिशिष्टात गेली.

तथापि येथे एक विवेक राखला पाहिजे. महाभारताच्या बाबतीत पाठभेद हे केवळ दोष नव्हेत. काश्मीरच्या पोथीत एक आणि केरळच्या पोथीत दुसरे असणे, हा त्या ग्रंथाच्या जगण्याचा पुरावा आहे. परिशिष्टात गेलेली कथासुद्धा लोकांच्या स्मरणातून गेलेली नाही. परंतु इन्शुलिनच्या कुप्यांना पाठभेद चालत नाहीत. कपाटात १० असतात किंवा नसतात. जे लेखन अर्थ निर्माण करते, त्याच्या अनेक प्रती समृद्धी ठरतात. जे लेखन वस्तूची साक्ष देते, त्याची प्रत एकच असावी लागते. सामाईक फाइलचा आग्रह कोठे धरावा आणि कोठे सोडावा, हे यावरून ठरते. कोश, लोकगीतांचा संग्रह, बोलींची नोंद अशा कामांत सर्वांस एकाच नोंदीत कोंबणाऱ्या व्यवस्थेने एखादा दुर्मिळ पाठ कायमचा पुसला जाण्याचा धोका आहे. साहित्याच्या अभ्यासकांनी डेटाबेस वापरताना पेढीची शिस्त जशीच्या तशी उचलू नये, ती याच कारणाने.

पेढीच्या बाबतीत अखेरचा प्रश्न उरतो तो हाताच्या ओळखीचा. बहीतील अक्षर पाहून मुनीमजी कोण हे सांगता येई. फाइलमधील सारी अक्षरे एकाच वळणाची. कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद राखणारी हिशेबप्रणालीच वापरावी, असे बंधन भारतातील कंपन्यांवर १ एप्रिल २०२३ पासून आले. परंतु कंपनी म्हणून नोंदलेली नसलेली घरगुती किंवा भागीदारीतील पेढी त्या कक्षेबाहेर राहते. शिवाय जेथे सोयीसाठी सारेजण एकाच नावाने आणि एकाच परवलीच्या शब्दाने आत शिरतात, तेथे अशी नोंद असूनही नसल्यासारखीच. याची किंमत समजते ती एखादी बॅच सदोष ठरून परत मागविली जाते तेव्हा. औषध निरीक्षक विचारतो, या क्रमांकाच्या पेट्या कोणाकोणाकडे गेल्या? फाइल उत्तर देते. ते उत्तर ज्या नोंदींवर उभे आहे, त्यांतील एखादी दुसऱ्याच्या लिहिण्याखाली गाडली गेली असेल, तर एका खेड्यातील दुकानाच्या फळीवर ते औषध तसेच राहते. ज्याने ती नोंद केली होती त्यास विचारावे म्हटले, तर तो कोण हे कोठेच लिहिलेले नसते.

ॲक्सेसच्या जातीची सामाईक फाइल उघडली, की तिच्या शेजारी त्याच नावाची एक छोटी फाइल आपोआप जन्मास येते. आत शिरलेल्या प्रत्येक संगणकाचे नाव तीत टिपले जाते, आणि शेवटचा माणूस रीतसर बाहेर पडला की सामान्यतः ती नाहीशी होते. संध्याकाळी सर्व पडदे मिटल्यानंतरही ती छोटी फाइल जागेवर दिसली, तर त्याचा अर्थ बहुधा असा, की कोणीतरी आपले लिहिणे न संपविताच उठून गेला आहे. त्या रात्रीची राखणप्रत घेण्यापूर्वी जाणते लोक आधी तिच्यातील नाव पाहतात, त्या मेजापाशी जातात, आणि अर्धे राहिलेले काम पुरे करून घेतात.